खाजा मियांनी ताणलेली तार

जवळा बाजार या गावात खाजा मिया पिंजाऱ्यांइतका नेटका माणूस शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका हट्टीही. त्यांनी भरलेल्या गादीत दहा वर्षं गोळा होत नाही, त्यांनी ठोकलेला खिळा वाकडा जात नाही, आणि त्यांच्या कामाला कुणी नाव ठेवलेलं त्यांना खपत नाही. यातलं तिसरं नीट ध्यानात ठेवा, कारण त्यांच्या लेकीचं, अफशीनचं, घोडं नेमकं तिथंच अडलं होतं.

गोष्ट दोन हजार पाच सालच्या थंडीतली. अफशीन हिंगोलीला मामाकडं राहून कॉम्प्युटर शिकून आली होती आणि आल्या आल्या तिनं ठरवून टाकलं, घरातच पोरींसाठी क्लास काढायचा. चौकात एक क्लास होता, पण तिथं दिवसभर टवाळांचा अड्डा. मोहल्ल्यातलेही आपल्या लेकी तिथं पाठवीनात आणि तांड्यावरचेही. मग एक दिवस तांड्याच्या महिला मंडळाच्या शकुंतलाबाई गादी पिंजायला टाकायला आल्या आणि त्यांच्या कानावर अफशीनचा बेत गेला.

बाई मोठी रोखठोक. म्हणाली, "बारा पोरी देते तुला. पन एका डब्ब्यासमोर बारा जणी काय आरती करतीन? दोन मशीन चालू दाखव. बाजाराच्या दिवशी साडेतीनला येते मी. जमलं न्हाई तर तसं सांग, पोरींच्या बापायला मी उगं आशा लावनार न्हाई."

"दोन दाखवते, मावशी," अफशीन बोलून गेली. बोलून गेली खरी, पण दुसऱ्या कॉम्प्युटरचा पत्ता नव्हता. एक चांगला कॉम्प्युटर मामानं दिला होता. दुसरा मिळाला तो कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेला. पडदा चालू, मशीन चालू, पण सीडी वाचायची सोय पार मेलेली. त्याच्यात नवं काही भरायचं तर कुठून भरायचं?

पण पोरगी हुशार. कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर लिनक्सच्या चार सीड्या फुकट आल्या होत्या. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी गोष्ट. ना विकत घ्यायची तकलीफ, ना जुन्या मशीनला जड. अफशीननं चारही सीड्या चांगल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. दोन्ही मशीन एका तारेनं जोडायची, जुनं मशीन फ्लॉपीवरून जागं करायचं आणि बाकी सगळं तारेतून ओढून घ्यायचं, असा बेत. शेजारच्या विहिरीतून नळी टाकून आपला हौद भरतात, तसंच.

नळी टाकायचं काम अब्बांनी स्वतः अंगावर घेतलं. चांगला कॉम्प्युटर पुढच्या खोलीत होता, तिथं अर्ज टाइप करायला बाप्ये माणसं येत. पोरी बसणार आतल्या खोलीत, पडद्यामागं. मधे अब्बांचं पत्र्याचं दुकान आणि त्यात मोटारीवर चालणारं रुई पिंजायचं मशीन. खाजा मियांनी दुकानाच्या लाकडी आड्यावरून तार नेली, वीत-वीत अंतरावर खिळे मारले आणि अशी ताणली की बघत राहावं. पूर्वी ते हातानं पिंजत, तेव्हा पिंजणीच्या धनुष्याला आतड्याची तात, म्हणजे दोरी, लावत. ती सवय हातात मुरलेली.

"ढिली तात झोपते, ताणलेली तात बोलते," ते म्हणाले आणि हात झटकून खाली उतरले.

आता लाइटचं सांगतो. तेव्हा लोडशेडिंगनं जीव नकोसा केला होता; लाइट यायची अकराला आणि जायची पाचला. म्हणजे अब्बांनी रुई पिंजायची ती त्याच वेळात आणि अफशीननं लिनक्स भरायचं तेही त्याच वेळात.

पहिल्या दिवशी भरणं सुरू झालं आणि दहा टक्क्यांवर थांबलं. पडद्यावर एकच रड, फाइल मिळत नाही. पुन्हा सुरू केलं, सहावर थांबलं. अफशीनला वाटलं, सीडीलाच ओरखडा असेल. तिनं सीड्या पुसून पुन्हा उतरवल्या. तरी तेच. दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या मशीनची मेमरी काढून खोडरबरानं घासली. तिसऱ्या दिवशी मामाकडून नेटवर्कचं दुसरं कार्ड मागवून बसवलं. कधी चार टक्के, कधी बारा, एकदा तर बावीस. पोरगी पार रडकुंडीला आली.

"काहून इतका जीव जाळून राहिली?" अम्मी, मदीनाबी, म्हणायच्या. "न्हाई होत तर न्हाई होत."

"बारा पोरी हाईत, अम्मी! त्यायला दुसरीकडं कोनी पाठवनार न्हाई."

 मदीनाबींनी स्वतः सातवीत शाळा सोडली होती, तीही याच कारणानं. त्या चहा ठेवायला गेल्या.

उजाडला बाजाराचा दिवस. सकाळी अकरापासून दोनदा थांबलं. सव्वा वाजता अफशीननं अल्लाचं नाव घेऊन तिसऱ्यांदा सुरू केलं, आणि काय नवल, भरणं सुसाट निघालं! वीस, तीस, चाळीस. छपन्न झालं, साठ झालं. एवढ्यात बाहेर अब्बा दुपारची जोहरची नमाज पढून आले, टोपी खुंटीला लावली आणि पिंजायच्या मशीनचं बटण दाबलं. घर्र झालं, आणि पडद्यावर तीच रड.

अफशीनचे डोळे भरून आले. पण रडता रडताच तिच्या डोक्यात लख्ख पडलं. अब्बा नमाजला गेले तेव्हा हे चाललं! आणि परवा बावीसवर गेलं, तेव्हा अब्बा मशीन बंद करून गिऱ्हाइकाशी घासाघीस करत बसले होते की!

आधी वाटलं, मोटारीनं व्होल्टेज खाल्लं असेल. पण डोक्यावरचा बल्ब लुकलुकतही नव्हता, आणि दोन्ही कॉम्प्युटर यूपीएसवर, म्हणजे लाइट गेली तरी पाच-दहा मिनिटं तग धरणाऱ्या बॅटरीच्या पेटीवर, होते. मग तिनं जुन्या मशीनला एक साधं काम लावलं. दर सेकंदाला तारेतून पुढच्या कॉम्प्युटरला हाक मारायची, आणि उत्तर आलं की पडद्यावर एक ओळ. बाहेर मशीन घरघरत होतं आणि पडद्यावर ओळ यायची, अडायची, दोन यायच्या, पुन्हा अडायची.

ती पळत बाहेर आली. "अब्बा, मशीन बंद करा! तारेत खोट हाय!"

झालं. मशीन बंद झालं आणि खाजा मिया सुरू झाले. "माझ्या तारेत खोट? तीस साल तात लावली मी! अख्ख्या बाजारात इचार, खाजाचा हात कसा हाय!"

अफशीननं जीभ चावली. भांडून हा माणूस ऐकायचा नाही, हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. ती म्हणाली, "तुमच्या हाताला कोन नाव ठेवतंय? पन तात लावली की तुमी वाजवून बघता ना? मंग ही बी वाजवा. अम्मी, तू आत पडद्याकडं बघ. ओळी थांबल्या की सांग."

वाजवून बघायला खाजा मियांची ना नव्हती. ते बाजेवर चढले आणि त्यांनी तारेला बोटानं टणकारा दिला.

"गेलं!" आतून मदीनाबी ओरडल्या.

अब्बांनी हात आखडला, तशी आतून हाक आली, "आलं!"

पुन्हा टणकारा. "गेलं! अगं बाई, खरंच गेलं!"

खाजा मियांनी पाच वेळा वाजवलं आणि पाच वेळा गेलं. सहाव्यांदा न वाजवताच ते खाली उतरले. आतल्या खोलीत आले आणि कॉम्प्युटरच्या पाठीमागं वाकून बघू लागले. तार इतकी ताणलेली की टोकाच्या पिनेची प्लास्टिकची चिमटी मोडली होती. पिन दिसायला आत, पण पिंजायच्या मशीनच्या प्रत्येक हादऱ्यानं मागं सरकायची. बाप चूक कबूल करेल की भडकेल, अफशीनला कळेना.

खाजा मियांनी पिन बोटानं हलवून पाहिली. मग हळूच म्हणाले, "बेटा, ही तात न्हाई. हा टाका हाय. रजईचा टाका आवळला की रुई मरते, थोडा सैल सोडावा लागतो. मला कसं सुचलं न्हाई?"

दोन वाजून गेले होते. मग मात्र त्यांनी वेळ घालवला नाही. आड्यावरचे खिळे स्वतःच्या हातानं उपटले आणि तार सैल सोडली. अफशीननं कॉम्प्युटर बंद केला. अब्बांनी गादीची वीतभर सुई घेतली, जाड दोरा ओवला आणि ती पिन कॉम्प्युटरच्या मागच्या पंख्याच्या जाळीला अशी टाचून टाकली की हलायचं नाव नाही. गादीला टाके घालणारा हात तो.

अडीचला भरणं पुन्हा सुरू झालं. अफशीन म्हणाली, "अब्बा, आता मशीन बंदच ठेवा."

"काहून? रोज तुझा क्लास आन् रोज माझं मशीन, लाइटची येळ एकच. आज जे टिकनार न्हाई ते उद्या काय टिकनार?" असं म्हणून त्यांनी खटकन बटण दाबलं.

पोरगी पडद्याकडं पळाली. घर्र सुरू झालं, पत्रे थरथरले, आड्यावरची सैल तार झोका घेऊ लागली. आणि पडद्यावर? सात, आठ, नऊ. वीस. चाळीस. एकसष्ट ओलांडलं तेव्हा अफशीननं अम्मीचा हात घट्ट धरला.

शकुंतलाबाई ठरल्याआधीच, सव्वातीनला, बाजाराची पिशवी घेऊन हजर. तेव्हा एक्क्याण्णव झालं होतं. "झालं का?" त्यांनी विचारलं.

"टेका, मावशी. होऊन राहिलं," अफशीन म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. बाईंचा चहा संपता संपता शंभर झालं. कॉम्प्युटर एकदा बंद होऊन पुन्हा जागा झाला, आणि त्या मोडीतल्या डब्ब्यावर निळाशार पडदा उघडला. अफशीननं 'जवळा बाजार' असं टाइप केलं आणि ती हसतेय की रडतेय हे तिचं तिलाच कळेना. मदीनाबींनी लेकीवरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. बाहेरचं मशीन थांबलं होतं; अंगभर रुई घेऊन खाजा मिया दारात उभे होते आणि त्यांची मान अशी ताठ होती की बस्स.

शकुंतलाबाईंनी खुर्चीत बसून एक-एक कळ दाबून पाहिली. "सोमवारपासून बारा पोरी," त्या म्हणाल्या. "माझी लेक पूजा धरून तेरा."

निघताना त्या दुकानात थबकल्या आणि त्यांनी वर पाहिलं. "सगळं बराबर हाय, पन ती तार अशी लोंबती काहून ठेवली? जरा ताणून घ्या, नीट दिसंन."

"न्हाई!" बाप आणि लेक एकदमच ओरडले. बाईंच्या हातून पिशवीच खाली पडली.