बाइंडरचा डावा पाय

सुज्ञ वाचकहो, एका सज्जन गृहस्थाच्या डाव्या पायाची हकीकत मी येथे यथाशक्ती निवेदन करणार आहे. या कथेत चोर नाही, दरोडेखोर नाही, कोणी कोणाच्या वाईटावर टपलेलेही नाही. तरीसुद्धा एका माणसाचा विश्वासघात झाला, आणि तो त्याच्या जिवाभावाच्या माणसांनी केला. तो कसा घडला, ते क्रमाने सांगतो.

आमच्या कथानायकास सारे जण बाइंडर म्हणत. सव्वीस वर्षे त्याने एकाच छापखान्यात पुस्तके बांधली. छापखान्यास टाळे लागले तेव्हा तो पन्नाशीला टेकला होता. पुढचे चार महिने त्याने घरातल्या वह्यांना पुठ्ठे चढवण्यात काढले. वह्या संपल्या तेव्हा त्याने टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीला कापडी पाठ चढवली, जिचा जगात कोणालाच उपयोग उरला नव्हता. बायको ते रोज पाहत असे.

अशात वाचनालयातून निरोप आला. वाचनालयाने दूरच्या वस्त्यांत पुस्तके पोहोचवण्यासाठी एक मोठी गाडी घेतली होती. दिवसा ती फिरवायची आणि संध्याकाळी फाटकी पुस्तके शिवायची, असे ते काम होते. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मला दोन्ही येणारा एकच माणूस हवाय. शिवण्याचं तुम्हाला विचारतच नाही. पुढच्या एक तारखेच्या आत लायसन्स दाखवा आणि किल्ली घेऊन जा."

बाइंडरने जन्मात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. परंतु त्या दिवशी तो घरी चालत आला नाही, तरंगत आला. आपल्यासाठीच कोणी हे काम निर्माण केले असावे, असे त्यास वाटले.

शिकवणारा घरचाच होता. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्याचा साडू, ड्रायव्हिंग स्कूल चालवीत असे. तो मोठा मिश्कील गृहस्थ होता. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "साडूभाऊ, एकाच सासऱ्याच्या दारात आपण दोघं फसलो. तुम्ही आधी फसलात, आणि तुमच्याकडं बघूनही मी शहाणा झालो नाही. आता निदान गाडी तरी नीट शिका."

"क्लच म्हणजे काय, ते आधी सांगा," बाइंडर गंभीरपणे म्हणाला.

"क्लच म्हणजे सासुरवाडी. जाताना धाडकन जायचं, निघताना मात्र हळूहळू निघायचं. एकदम उठलात की गचका बसणारच."

शिकवण्याच्या त्या गाडीत पेडलांचे दोन संच होते. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारी बसणाऱ्या शिक्षकाच्या पायाखाली. दोन्ही आतून जोडलेले असल्यामुळे वेळप्रसंगी शिक्षकाला गाडी आवरता येई.

पहिले चार दिवस गाडी जागची हलेना. बाइंडर क्लच सोडी आणि गाडी उचकी लागल्यासारखी उडून बंद पडे. याचे मूळ त्याच्या धंद्यातच होते. कागद कापण्याच्या यंत्रालाही खाली पेडल असते. त्यावर पाय दिला की दाबपट्टी गठ्ठ्यावर येऊन बसते. कापून होताच पाय झटक्यात काढावा लागतो, तरच पट्टी उडून वर जाते आणि गठ्ठा फिरवता येतो. जो रेंगाळला त्याचे काम तुंबले. सव्वीस वर्षे त्याचा डावा पाय हेच करीत आला होता. माणूस समजावून ऐकतो, पण पायास कोण समजावणार?

पाचव्या दिवशी मात्र चमत्कार घडला. गाडी न कुरकुरता निघाली. सहाव्या दिवशी ती चढावर थांबून, तसूभरही मागे न येता, वर गेली.

"हा पाय आहे की लोणी?" साडू म्हणाला. "वीस वर्षं शिकवतोय, असा पाय पाहिला नाही."

वाचकहो, छापखान्याच्या मालकाने सव्वीस वर्षांत बाइंडरला एकदाही शाबासकी दिली नव्हती. पुस्तक सरळ बांधले तर ते त्याचे कर्तव्य, आणि वाकडे झाले तर त्याची चूक, असा तेथील न्याय होता. म्हणून साडूचे ते वाक्य त्याने घरी नेले आणि बायकोसमोर जपून ठेवले, जणू ते सांडून जाईल.

"खरंच असं म्हणाले?" बायकोने विचारले.

"शब्दशः."

"मग मी काय सांगत होते," ती म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवायला वळली.

त्यानंतरचे तीन आठवडे त्या घरात निराळाच प्रकाश होता. बाइंडर शिट्टी वाजवीत दाढी करू लागला. मेहुणी आली की म्हणे, "भाऊजी, आता आम्हाला गाडीतून फिरवा. आमचे हे जगाला शिकवतात आणि मला बसने पाठवतात." लायसन्स मिळण्यापूर्वीच त्याने त्यासाठी तांबड्या कापडाचे एक छोटे आवरण शिवले आणि त्याच्या कडा अशा दाबल्या की नखसुद्धा शिरू नये.

परीक्षेच्या सकाळी साडूचा चेहरा उतरलेला होता. आधीचे निरीक्षक मागच्या आसनावर बसत आणि शिकवणाऱ्याला पुढे शेजारी बसू देत. त्यांची बदली झाली होती. नवे निरीक्षक स्वतः पुढे बसले आणि साडूला म्हणाले, "तुम्ही त्या झाडाखाली थांबा."

"साहेब, मी गाडीत असलो की यांना जरा धीर येतो."

"लायसन्स यांना हवंय का तुम्हाला?"

सपाट रस्त्यावर निघतानाच गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा ती उड्या मारीत निघाली. बाइंडरला वाटले, थंड इंजिन असेल. मग चढ आला. तो थांबला, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला आणि रोजच्यासारखा पाय सोडला. गचका बसला आणि इंजिन निपचित पडले. तीन वेळा हेच झाले. निरीक्षक कागदावर लिहिता लिहिता शांतपणे म्हणाले, "तुम्हाला क्लच सोडायला कोणी शिकवलंच नाही का हो? पाय काढताय की विंचू झटकताय?"

तो झाडाखाली परतला तेव्हा साडू म्हणाला, "नशीब असतं एकेकाचं. चला घरी."

"नाही," बाइंडर म्हणाला. "तोच चढ मला पुन्हा चढायचाय. बसा शेजारी."

"आज नको. पाय थकलाय तुमचा."

"बसा म्हणतो ना."

साडू बसला. तोच चढ होता, तीच गाडी. बाइंडरने पाय सोडला आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली. क्षणभर त्याचे अंतःकरण आनंदाने भरून आले. मग, का कोणास ठाऊक, त्याने मान वळवून खाली पाहिले. त्याचा स्वतःचा पाय केव्हाच पेडलावरून निघाला होता. पेडल मात्र अजून वर येत होते, सावकाश, एकटेच. आणि शेजारच्या पेडलावर साडूचा बूट तितक्याच सावकाश वर येत होता. त्या पेडलाचे रबर झिजून आरशासारखे गुळगुळीत झाले होते.

त्याने गाडी थांबवली. "पाय वर घ्या, साडू."

"अहो, असं काय करता?"

"मांडी घालून बसा."

साडूने बूट काढले आणि आसनावर मांडी घातली. बाइंडरने गाडी पुन्हा सुरू केली व क्लच सोडला. गचका बसला. गाडी बंद पडली.

बाइंडरने हँडब्रेक ओढला.

"पाचव्या दिवसापासून?" बाइंडरने विचारले.

"होय."

"आणि तो लोण्यासारखा पाय?"

"तो माझाच होता म्हणायचा," साडू हसण्याचा प्रयत्न करीत म्हणाला. पण ते हसू अर्ध्यावरच बंद पडले.

घरी दोघी बहिणी वाट पाहत होत्या. दार उघडताच बायकोने पाहिले ते नवऱ्याकडे नव्हे, साडूकडे. साडूने मान किंचित हलवली. त्या एका नजरेने बाइंडरला जे कळायचे ते कळले. चढावर जो तुटला होता तो केवळ अभिमान होता. हे मात्र निराळे होते.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

बायकोने पदराला हात पुसले. "चौथ्या दिवशीच ते मला म्हणाले होते, की यांना हे जमणार नाही. मीच म्हटलं, यांना सांगू नका. तुम्ही सांभाळून घ्या."

"का?"

"चार महिने तुम्ही त्या डिरेक्टरीला खळ लावत बसला होता. मी रोज बघत होते. मग तुम्ही हसत घरी यायला लागलात. मला ते हसू हवं होतं. म्हटलं, हळूहळू येईलही तुम्हाला. परीक्षेलाही ते शेजारी असतील असंच वाटत होतं."

"आणि नंतर? वाचनालयाच्या गाडीत साडू रोज माझ्या शेजारी बसणार होते?"

मेहुणी हळूच म्हणाली, "भाऊजी, आमच्या मनात वाईट नव्हतं हो."

"तूसुद्धा?" तो म्हणाला. "फिरवा फिरवा म्हणत होतीस ना मला?"

मेहुणीने मान खाली घातली.

"चौथ्या दिवशी मला सांगितलं असतं, तर माझ्याजवळ पंचवीस दिवस होते," बाइंडर म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बायकोला बरे वाटले असते. "पाय माझा वाईट होता, तो सुधारला असता. तुम्ही तो मला दिसूच दिला नाही."

एक तारखेस वाचनालयाची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली. त्याला पुस्तके शिवता येत नाहीत, म्हणून ग्रंथपालबाई फाटकी पुस्तके बाइंडरकडे पाठवू लागल्या. तेवढे काम त्याच्याकडे आले. किल्ली आली नाही.

पुढे तो गावाच्या दुसऱ्या टोकाला एका परक्या बाईंकडे शिकायला गेला. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "तुमचा पाय म्हणजे निव्वळ हातोडा आहे." हे ऐकून, तो सांगतो, त्याला फार दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. सव्वादोन महिन्यांनी तो उत्तीर्ण झाला. तांबड्या आवरणात लायसन्स बसले, पण ते त्याने बायकोला दाखवले नाही, नुसते कपाटावर ठेवले. तिने ते पाहिले, पुसले आणि पुन्हा तेथेच ठेवले.

त्यांचा संसार नीट चालला आहे. साडूंचे येणे-जाणेही सुरू झाले आहे, कारण साडूपणा काही राजीनामा देऊन सुटत नाही. फक्त एक फरक पडला. परवा मी त्याच्या घरी जेवायला होतो. त्याने शिवलेला एक जाड ग्रंथ हाती घेऊन मी म्हणालो, "बाइंडर, अशी पाठ आज कोणी बांधत नाही." हे मी मनापासून म्हणालो होतो. त्याने आधी मेजाखाली माझ्या पायांकडे पाहिले, मग बायकोच्या पायांकडे, आणि मग ग्रंथ माझ्या हातातून घेऊन त्याची पाठ स्वतः पुन्हा तपासली.

ही हकीकत मी त्याच्या संमतीने लिहिली आहे. मी त्याच छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवीत असे, आणि माझी विद्या सातवीपर्यंतची. शब्द चुकला असल्यास तो माझा, बाइंडरचा नव्हे. आपण आपला अमूल्य वेळ खर्चून शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
तात्या जुळारी