आखलेले डोळे

शीतलला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. कानात वारं शिरलेल्या वासरासारखी ती जोहे गावातल्या आपल्या बापाच्या, काळुरामच्या, गणपतीच्या कारखान्यात नुसती येरझारा घालत होती. आणि का घालू नयेत? दर रविवारी टीव्हीवर गावोगावच्या पोरापोरींनी केलेली छोटी छोटी कार्टूनं एकत्र जोडून अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागतो, त्यात तिचं कार्टून घेतलं होतं. शेवट तेवढा राहिला होता. तो आज संध्याकाळपर्यंत गेला नाही तर तिच्या जागी दुसऱ्याचं लावू, असं चॅनेलवाल्या मितेशने बजावलं होतं.

कार्टून शाडूच्या बाईचं होतं. बाई माती मळते, मान वळवते, हसते. तिला जरा वाकवायचं, फोटो काढायचा, पुन्हा जरा वाकवायचं; फोटो ओळीने जोडले की बाई हलते. शेवटी ती उठून दाराबाहेर निघून जाणार होती. बाई म्हणजे शीतलची आई सरू, गेल्या साली वारलेली.

शीतलने बाईवरचं ओलं फडकं काढलं. बाईला कुणीतरी डोळे आखले होते. काळेभोर, थेट आईचे. डोळे आखले की मूर्तीला वाकवायचं नाही, मोडायचं नाही, हे जोह्यातलं शेंबडं पोरही जाणतं. आता बाई उठणार कशी?

"बाबा, मला अजून वाकवायची होती ती," शीतल कडाडली. "सगळं मुसळ केरात घातलंस."

काळुराम ब्रश धूत राहिला. "ठाव व्हतं गो. म्हनून तर आखले."

"म्हंजे?"

"ती उठून जानार हाय, असं तू तुझ्या मैत्रिणीला, वनिताला सांगत व्हतीस. एकदा गेली, तेवढं पुरं झालं. टीव्हीवर पुन्हा कशाला घालवतेस तिला?"

शीतलचा राग कुठल्या कुठे गेला आणि तिला रडूच फुटलं. तेवढ्यात मितेशचा फोन आला.

"शेवट बदललाय," ती नाक पुसत म्हणाली. "बाई कुठे जात नाय. चालत असेल तर लावा, नायतर राहू द्या."

मग बाईला बाहेर घालवण्याऐवजी ऊन आत आणायला तिने बापाला बंद दारापाशी उभं केलं. काळुराम दार बोट बोट ढकलून उघडू लागला, ती फोटो काढू लागली. उतरतीचं ऊन आईच्या पायांवरून हळूहळू वर चढलं. डोळ्यांपाशी आलं तेव्हा काळुराम ढकलायचा थांबला, आणि शीतलनेही त्याला ढकल म्हटलं नाही.