बुडाखालची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे आणि माझे डोके भयंकर तापले आहे. राजवाड्यातली म्हणे मी! कसला राजवाडा घेऊन बसलात? मी पन्नास वर्षे एका वैद्यांच्या दुकानात फळीवर बसून सुंठ सांभाळली. त्यांच्या लेकीने लहानपणी चेंडू मारून माझा डावा कान उडवला. वैद्यांनी तो स्वतः जोडला.

पुढे दुकान बंद पडले आणि मला एका व्यापाऱ्यांनी घेतले. जुन्या लाखेच्या पेट्या, पितळी सिंह, नक्षीची भांडी जमवून विकायची, हा त्यांचा घरचा धंदा. माणूस लाखात एक. प्रत्येक वस्तूच्या बुडाला ते चिठ्ठी चिकटवत. माझ्या चिठ्ठीवर लिहिले होते, 'वैद्यांची. डावा कान जोडलेला. लेक मागायला आली तर तिलाच द्यायची.'

मग त्यांची दृष्टी गेली आणि गादीवर मुलगा बसला. या दीडशहाण्याने माझी चिठ्ठी भिजवून सोलली, कानाचा जोड रंगाने बुजवला आणि समोर पाटी ठेवली, 'राजवाड्यातील'.

आणि नेमकी वैद्यांची लेक आली. केस पिकले होते, तरी मी ओळखले.

"काका, बाबांचं दुकान पुन्हा उघडतेय. पहिली तीच बरणी मांडायची आहे."

"ती कधीच गेली. ही वेगळी," मुलगा म्हणाला.

"थांब रे. आण इकडे," कोपऱ्यात बसलेले त्याचे वडील म्हणाले.

म्हाताऱ्यांनी मला मांडीवर घेऊन बुडावर बोटे फिरवली. पुन्हा फिरवली. काहीच लागेना. अहो, आत वास घ्या! कान चाचपा! मी मनातल्या मनात किंचाळत होते. पण त्यांच्या लेखी वैद्यांची बरणी चिठ्ठीशिवाय असूच शकत नव्हती ना!

"नाही गं पोरी. ही तुमची नव्हे."

जन्मात खोटे न बोललेल्या माणसाच्या तोंडून त्या कार्ट्याने खोटे वदवले. म्हणूनच तिचा विश्वास बसला. रिकाम्या हाताने गेली बिचारी.

आता मी एका बंगल्यात आहे, पोटात प्लास्टिकची फुले घेऊन. पाहुण्यांना राजाची गोष्ट ऐकवतात, तेव्हा अंगाची लाहीलाही होते.

मित्रांनो, जुन्या वस्तू खुशाल पुसा, पण त्यांचे खरे पुसू नका. आणि कधी इथे आलात, तर ती फुले काढून आत नाक घाला. सुंठीचा वास अजून येतो. मग तिला जाऊन सांगा.