निळ्या पेन्सिलीची खूण

पावणेचार वाजले होते, बँकेची खिडकी चारला बंद होणार होती, आणि कवळ्या बनवणारी ती बाई बोटांवरचे गुलाबी मेणही न धुता जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत होती. छाती भात्यासारखी हलत होती. पण त्यात भीती किती आणि हुरूप किती, हे तिचे तिलाही सांगता आले नसते.

सकाळी कार्यशाळेच्या पत्त्यावर पत्र आले होते. तिच्या नावच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी चार लाखांच्या घरात गेली आहे. हरकत असल्यास आज चारच्या आत लेखी नोंदवावी, अन्यथा वसुली तिच्या पगारातून होईल. तिने उभ्या जन्मात कार्ड हाती धरले नव्हते. पगार नवऱ्याच्या खात्यात जाई. दर सोमवारी तो आठवड्याचा खर्च मोजून तिच्या हातावर ठेवी आणि रविवारी पावती न् पावती मागून घेई. साबणाची वडी का महागली, याचाही जबाब तिलाच द्यावा लागे. घरचे टपाल तोच फोडी. तिथून दाद लागेना, म्हणून वसुलीवाल्यांनी कामाचा पत्ता शोधला होता.

तिने फोन केला तो नणंदेला. नवऱ्याच्या सख्ख्या बहिणीला असला फोन करणे म्हणजे आगीशी खेळ. पण दुसरे होते कोण? नणंदेने सारे ऐकून घेतले, बँकेत भेटते एवढेच सांगितले, आणि खरोखरच तिच्या आधी येऊन खिडकीसमोरची खुर्ची अडवून बसली.

खिडकीतला अधिकारी स्वभावाने वाईट नव्हता, फक्त थकलेला होता. अशा तक्रारी घेऊन पुष्कळ बायका येतात, तो म्हणाला. सही जुळलेली आहे, मूळ अर्ज आतल्या कपाटात आहे, उद्या या. त्यावर नणंदेने, उद्या मुदत संपलेली असेल आणि आम्ही इथेच बसलेलो असू, असे अत्यंत गोड आवाजात समजावले. अधिकारी उठला.

अर्ज समोर आला. सही तिचीच वाटत होती. वरच्या दातांशी खालचे दात जुळवताना केसाएवढी फटही न सोडणारी तिची नजर. पण इथे तिला बोट ठेवायला जागा सापडेना. झाले, आता हे ओझे जन्मभर आपल्याच मानेवर, असे मनाशी म्हणत तिने कागद परत करण्यासाठी उचलला, आणि तो तिरका होताच सहीखाली काहीतरी चमकले.

"वन्सं," ती म्हणाली, "हे बघा."

निळ्या पेन्सिलीची बरोबरची खूण, शेपटी जराशी खाली वळलेली, आणि शेजारी बारीक अक्षरात तारीख.

नणंद वाकली आणि तिला हसू आवरेना. "अगं बाई. दादानं इथंही खूण केली? लहानपणी स्वतःच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा करायचा."

तिचा नवरा गोदामात तपासनीस होता. मालाच्या याद्यांवर दिवसभर खुणा करणारा हात घरी आल्यावरही थांबत नसे. त्याने बायकोची खोटी सही केली, ती बारकाईने तपासली, बिनचूक आढळली, आणि वीस वर्षांच्या नोकरीतल्या इमानी सवयीने तिच्यावर शिक्कामोर्तब केले!

तपासून झालेल्या पावत्या वर्षभर सांभाळण्याची शिक्षाही तिलाच होती. तिने पर्स काउंटरवर उपडी केली. साबण, डाळ, बसभाडे, डोकेदुखीच्या गोळ्या: प्रत्येकीवर तीच निळी खूण, तीच वळलेली शेपटी. अधिकाऱ्याने चष्मा पुसला आणि तो प्रथमच सरळ बसला.

मग त्याने स्पष्ट सांगितले की चौकशी संपेपर्यंत वसुली थांबेल. पण खूण कुणाची, हे नावानिशी लिहून द्यावे लागेल. नवऱ्याला बोलावणे जाईल, प्रकरण पोलिसांतही जाऊ शकेल. घड्याळात सहा मिनिटे उरली होती.

"अक्षर दादाचं आहे, हे मी लिहून देते," नणंद म्हणाली. तिचे हसू आता पार मावळले होते. "पण आधी तू ठरव, वहिनी."

तेवढ्यात फोन वाजला. नवरा. कार्यशाळेतल्या यंत्राची घरघर ऐकू येत नाही, तेव्हा ती आहे तरी कुठे, असे तो विचारत होता.

"बँकेत आहे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी, मोकळा वाटला. "माझ्या नावावरचं कर्ज कुणाचं, ते लिहून देतेय."

 पलीकडून कोणती शाखा, कुणाला विचारून गेलीस, अर्ज कुणी दाखवला, असे प्रश्नांमागून प्रश्न सुटू लागले. लग्नाच्या अकरा वर्षांत त्याचा एकही प्रश्न तिने अनुत्तरित ठेवला नव्हता. तिने फोन तसाच चालू काउंटरवर ठेवला, पेन घेतले आणि रिकाम्या ओळीत त्याचे पूर्ण नाव ठसठशीत लिहिले. खाली सही केली. शेजारी नणंदेने केली.

अधिकाऱ्याने शिक्का मारला तेव्हा चार वाजायला एक मिनिट कमी होते. तो खिडकीची झडप ओढू लागला.

"थांबा," ती म्हणाली. "नवीन खातं उघडायचा अर्जही द्या. परवा पगार आहे."