तळ्याकडची तबकडी

“त्यांच्या गावचं मी पाणीसुद्धा पिणार नाही,” एव्हारिस्तो म्हणाला आणि बोटीत बसल्या बसल्या त्याने थर्मास मांडीत घट्ट धरला. पिशवीत घरून आणलेला पाव होता, सलामी होती, उकडलेली अंडी होती आणि वर एक मोजपट्टी होती. “हे बघ बार्तोलो, आपण पाहणीला चाललोय. पाहुणचाराला नाही.”

वाल्मेराच्या चौकातला बार माझा. गुरुवारी तो बंद असतो, एवढ्या एका गुन्ह्यासाठी मला त्याच्या शेजारी बसावं लागलं होतं. तळ्यापलीकडचं टोर्नेल्ला बोटीने वीस मिनिटांवर आहे, पण एव्हारिस्तो वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी तिथे पहिल्यांदाच चालला होता. तेही त्या गावाकडे पाठ करून बसला होता.

आमचं आणि टोर्नेल्लाचं वैर माझ्या पणजोबांनाही जुनं वाटायचं. त्याचा पुरावा पलीकडच्या काठावर उभा आहे. टोर्नेल्लाच्या चर्चच्या मनोऱ्याला घड्याळाच्या तबकड्या तीनच. चौथी बाजू, म्हणजे तळ्याकडची, आमच्याकडची, कोरी भिंत. वाल्मेरावाल्यांना फुकटात वेळसुद्धा द्यायची नाही, म्हणून. आमच्या मनोऱ्याला मात्र चारही बाजूंनी तबकड्या. आम्ही मोठ्या मनाचे, असं आम्हीच सांगत आलो.

हे घड्याळ सांभाळायचं काम एव्हारिस्तोकडे होतं, त्याआधी त्याच्या बापाकडे. किल्ली देणं, तेल घालणं, काटे पुसणं. माणूस कामाचा पक्का, पण हिवाळ्यात घड्याळ मागे पडायचंच. तक्रार केली तर म्हणायचा, “थंडीत माणूसही उशिरा उठतो. ते तर बिचारं लोखंड आहे!” आणि शेकोटीपुढून उठायचा नाही.

यंदा टोर्नेल्लाने तिन्ही तबकड्यांना सोनेरी आकडे बसवले. चौथी बाजू पुन्हा कोरी. आमच्या चर्चच्या समितीत आग पेटली. एव्हारिस्तो उठला आणि म्हणाला, “आपणही आपली तळ्याकडची तबकडी चुन्याने पुसून टाकू. बसू देत त्यांना आंधळे!” टाळ्या पडल्या. मनोऱ्याला परांची बांधली गेली, चुन्याची बादली वर चढली. सोमवारी काम करायचं ठरलं.

मग मध्येच ही पाहणी कशाला? तो म्हणाला, शत्रूची कोरी भिंत किती रुंद आहे ते मोजायला हवं. पण मला खरं कारण ठाऊक होतं, साऱ्या गावाला ठाऊक होतं.

त्याची थोरली बहीण एर्सीलिया टोर्नेल्लात राहते. चाळीस वर्षांपूर्वी तिने तिथल्या नेव्हिओ नावाच्या नावा बांधणाऱ्याशी लग्न केलं. एव्हारिस्तो लग्नाला गेला नाही, आणि दोन वर्षांपूर्वी नेव्हिओ वारला तेव्हाही गेला नाही. बोलणं नाही, पत्र नाही. फक्त दर ईस्टरला तिकडून बोटवाल्याच्या हाती कबुतराच्या आकाराचा गोड पाव यायचा आणि इकडून तळ्यातल्या वाळवलेल्या माशांचं पुडकं जायचं. यंदा ईस्टर होऊन गेला तरी कबुतर आलं नव्हतं. “पीठ संपलं असेल त्यांच्या गावातलं,” असं तो रोज बारमध्ये येऊन सांगायचा. न विचारता सांगायचा, त्यावरून काय ते समजत होतं.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या एका हसऱ्या मुलीने त्याच्या हातात नकाशा कोंबला. पाहुण्यांना गाव दाखवायचं काम होतं तिचं.

“पहिल्यांदाच येताय, आजोबा? कुठून आलात?”

एव्हारिस्तोने छाती काढली आणि पाण्यापलीकडे बोट दाखवलं. शिवी ऐकायची तयारी चेहऱ्यावर स्पष्ट होती.

“अय्या, किती छान! काय नाव त्या गावाचं?”

त्याचं बोट तसंच हवेत राहिलं. “काय नाव? पोरी, आम्ही तुमचे वैरी आहोत!”

“हो का?” ती कौतुकाने म्हणाली. “कशाबद्दल?”

“ती भिंत बघ! त्या बाजूला घड्याळ का नाही, सांग!”

मुलीने मान वर करून पाहिलं. “खरंच की! माझ्या कधी लक्षातच आलं नाही.”

मी माणसाला इतकं खचलेलं क्वचित पाहिलंय. चारशे वर्षं जपलेलं भांडण, आणि समोरच्याला खबरच नाही! मोजपट्टी पिशवीतून बाहेर निघालीच नाही. थोडा वेळ तो धक्क्यावरच्या बाकावर बसून अंडं सोलत राहिला. मग एकदम उठला.

“इथवर आलोच आहोत तर तिचं पीठ संपलंय का बघून जाऊ.”

एर्सीलियाचं घर तळ्याला लागूनच, तिसऱ्या मजल्यावर. दार तिनेच उघडलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

“आलास?” ती म्हणाली. “वीस मिनिटांच्या वाटेला चाळीस वर्षं लागली. पाय पूस, फरशी आत्ताच पुसलीय. आणि हा कोण? बार्तोलो? केवढा जाड झालास रे!”

“हाताला काय झालं?” एव्हारिस्तोने विचारलं.

“कबुतराचा साचा फळीवरून काढताना स्टुलावरून पडले. तुझ्यापायी.”

“मग कळवायचं नाही?”

“कुणाला? तू माझ्याशी बोलत नाहीस ना?”

त्याने पिशवीतून माशांचं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. पाहणीच्या पिशवीत मासे होते, हे मलाही तेव्हाच कळलं. तिने डाव्या हाताने कॉफी ठेवली. एव्हारिस्तोने आपल्या थर्मासकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने तिची कॉफी प्यायला.

मग ती खिडकीपाशी गेली. तिथे खिळ्याला एक जुनी दुर्बीण लटकत होती. ती डोळ्याला लावून एर्सीलिया म्हणाली, “साडेअकरा झाले. गोळीची वेळ.”

“घरात घड्याळ नाही?” मी विचारलं.

“आहे की. पण मी आपल्या घड्याळावर चालते. बाबांच्या.” दुर्बीण तिने ॲप्रनला पुसली. “आमचा मनोरा या बाजूला आंधळा ना! नेव्हिओ चिडायचा. म्हणायचा, भाकर माझी खातेस आणि वेळ तिकडून आणतेस. पण तुला एक सांगते एव्हारिस्तो, हिवाळ्यात तू घड्याळाचं वाटोळं करतोस. इथली मिसेची, चर्चमधल्या प्रार्थनेची, घंटा झाली की मला वाटायचं, हे टोर्नेल्लावाले नेहमीचेच उतावळे! चर्चमध्ये पोचावं तर अर्धी मिसा उरकलेली. इथला पाद्री मला चाळीस वर्षं नास्तिक समजतोय.”

मला हसू आवरेना. एव्हारिस्तो हसला नाही. तो खिडकीजवळ गेला होता.

“तू तेल घालायला वर चढतोस ना, तेव्हा तुझी लाल टोपी दिसते,” ती आता हळू आवाजात बोलत होती. “एका वर्षी महिनाभर दिसली नाही. मी इथे मेणबत्ती लावली होती.”

“हर्नियाचं ऑपरेशन होतं,” तो म्हणाला.

“बोटवाल्याकडून कळलं, पण नंतर.”

पलीकडे उन्हात वाल्मेरा पसरलं होतं, माझा बारही दिसत होता, आणि खरं सांगतो, मला उगाचच घरची आठवण आली. एर्सीलियाने पुन्हा दुर्बीण लावली.

“अरे, आणि ती परांची कशाला बांधलीय? परवापासून बघतेय. बादलीही ठेवलीय वर. काय चाललंय?”

मी कपात तोंड घातलं. एव्हारिस्तोचे कान टोपीइतके लाल झाले.

“रंग,” तो म्हणाला. “आकड्यांना रंग देतोय. जरा ठळक करतो. तुझी नजर आता पूर्वीसारखी नसेल.”

“नजरेला काही झालेलं नाही माझ्या,” ती फणकारली. थोड्या वेळाने म्हणाली, “सहाचा आकडा मात्र पुसट झालाय.”

परतीच्या बोटीत तो टोर्नेल्लाकडे तोंड करून बसला. मी मुद्दाम विचारलं, “मग भिंत किती रुंद निघाली?” त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं.

सोमवारी समिती मनोऱ्याखाली जमली तेव्हा तो काळ्या रंगाचा डबा घेऊन आला. “चुना रद्द,” त्याने जाहीर केलं. “तिकडे जाऊन आलोय मी. फार वाईट अवस्था आहे त्या लोकांची. त्यांना वैरसुद्धा आठवत नाही. अशा गरिबांना वेळ दिलीच पाहिजे.” समितीला हे इतकं पटलं की पुन्हा टाळ्या पडल्या. सहाचा आकडा त्याने बाकीच्यांपेक्षा दुप्पट जाड केला आहे. पाहुणे त्याचा फोटो काढतात आणि मला कारण विचारतात.

आता हिवाळा लागला. तळ्यावरून असा बोचरा वारा येतो की मी बारचं दारही उघडं ठेवत नाही. पण रोज सकाळी लाल टोपी मनोऱ्यावर चढते, मागे पडलेला काटा हाताने पुढे सारते, आणि मग काही काम नसताना थोडा वेळ तळ्याकडच्या बाजूला तशीच उभी राहते. काल तो खाली उतरला तेव्हा गारठ्याने त्याच्या बोटांत कप धरवत नव्हता. मी म्हटलं, “कशाला जीव काढतोस? थंडीत लोखंडही उशिरा उठतं, तूच सांगायचास.”

“उठू देत की,” तो कपावर हात शेकत म्हणाला. “पण पलीकडे एका बाईची मिसा चुकते.”