तिसऱ्या पिनेतून आलेला करंट

गोंदियाजवळच्या कुडव्याचा खुमेंद्र बिसेन दहावी-बारावीच्या शिकवण्या घ्यायचा. वय बत्तीस, पण व्हिडिओ गेमचं वेड काही सुटलं नव्हतं. २०१० च्या जानेवारीत बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकायला आलेला, त्याच्या ओळखीचा एक तरुण कोर्स संपवून परत निघाला, आणि जाताना आपलं जुनं प्लेस्टेशन खुमेंद्रला देऊन गेला.

घरात टीव्ही एकच. त्याच्यासमोर आई शांतीबाई आणि बायको हर्षिता बसायच्या. शांतीबाईंच्या नसांचं औषध महिनाभरापासून चालू होतं, त्यांना तेवढाच विरंगुळा. त्यामुळे खुमेंद्रने ठरवलं, मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या मॉनिटरवरच गेम लावायचा. पण प्लेस्टेशनची वायर पिवळ्या-लाल-पांढऱ्या टोकांची आणि मॉनिटरला लागायचा पंधरा काड्यांचा निळा प्लग. गोंदियाच्या दुकानदाराने मधे बसवायला एक छोटा डबा दिला. "पीला इधर डालो, नीला उधर. पिक्चर आ जाएगा, सर."

रविवारी सकाळी खुमेंद्र मांडी घालून बसला. फरशी नुकतीच पुसलेली, पाय अनवाणी. मॉनिटर आधीच चालू केलेला. बाहेर अंगणात टिल्लू पंप विहिरीचं पाणी टाकीत चढवत होता. त्याने डब्याची निळी वायर घेतली, मॉनिटरच्या मागे हात घातला आणि बोटांनी प्लगची जागा चाचपली.

कोपरापर्यंत असा झटका बसला की तो मागे फेकला गेला. डबा घरंगळत पलंगाखाली गेला.

हर्षिता धावत आली. "काय झालं?"

"करंट! मशीनच खराब देऊन गेला तो."

त्याने टेस्टर काढला. चपला घातल्या. मॉनिटरच्या मागच्या स्क्रूला टेस्टर लावला तर आतला दिवा लाल. त्याने प्लेस्टेशनचा प्लग भिंतीतून ओढला. दिवा लालच. डब्याचा प्लग काढला, तरी लाल. म्हणजे या दोघांचा दोष नव्हता. मॉनिटरचं बटण बंद केलं, बोर्डावरचा स्विचही बंद केला.

तरी दिवा लाल.

"स्विच बंद, मग करंट येऊन कुठून राहिला?" हर्षिता म्हणाली.

खुमेंद्रने मॉनिटरचा तीन पिनांचा प्लगच उपटला. दिवा विझला. परत लावला, दिवा पेटला. स्विच बंद असला तरी मॉनिटरच्या लोखंडाला जोडलेली राहते अशी वायर एकच, वरच्या जाड पिनेची. अर्थिंगची. जिच्यातून करंट जमिनीत जायचा, तिच्यातूनच तो घरात येत होता.

आणि ती वायर कुठे जाते, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. चार वर्षांपूर्वी कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यानेच ती हिरवी वायर भिंतीवरून बाहेर नेऊन अंगणातल्या लोखंडी पाइपाला गुंडाळली होती. पंपाच्या पाइपाला. त्याच पाइपावर अंगणातला नळ होता.

खुमेंद्रला आईचे शब्द आठवले.

दिवाळीनंतर एका सकाळी शांतीबाई म्हणाल्या होत्या, "बाबू, नळ चावते रे." सगळे हसले. त्या रोज सांगत राहिल्या. हर्षिता अंगणात रबरी चपला घालूनच वावरायची, तिला कधी काही लागलं नाही. खुमेंद्र न्हाणीघरात प्लास्टिकच्या नळावर आंघोळ करायचा. आईचं समाधान म्हणून त्याने एकदा संध्याकाळी अंगणातला नळ धरून पाहिला होता. तेव्हा पंप बंद होता. काहीच झालं नाही. मग तो आईला डॉक्टरकडे घेऊन गेला. हातापायांना मुंग्या येतात, भास होतात, असं त्यानेच सांगितलं. डॉक्टरने नसांच्या गोळ्या लिहून दिल्या. तेव्हापासून आईने नळाचं नाव काढलं नव्हतं.

पंप अजून चालू होता.

"आई कुठं हाय?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता धावला.

शांतीबाई ओल्या ओट्यावर अनवाणी उभ्या होत्या. पुढ्यात बादली. हाताला ओला पदर गुंडाळून त्या नळाकडे वाकत होत्या.

"माय! हात नको लावू!"

त्या दचकून थांबल्या. मागून आलेल्या हर्षिताने पंपाचं बटण बंद केलं. एकदम शांतता झाली.

"काऊन ओरडून राहिला रे?"

"नळात करंट हाय, माय."

शांतीबाईंनी हाताचा पदर सोडला. मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "मंग मी दोन महिने का सांगून राहिली होती?"



दुपारी मनिराम मिस्त्री आला. त्याने पंप खोलला. आतल्या तारांचं वेटोळं एका बाजूला जळून उघडं पडलं होतं आणि लोखंडाला टेकत होतं. "करंट थोडा-थोडा लीक होत होता, सर. एक दिन तार पूरी चिपकली असती, तर माताजी गेल्या असत्या," तो म्हणाला. मग त्याने अंगणात खड्डा खणून कोळसा आणि मीठ भरलं, वेगळी अर्थिंग केली आणि वायरिंगमध्ये करंटची गळती होताच लाइन तोडणारा स्विच बसवला. खुमेंद्र सगळा वेळ त्याच्याजवळ उभा होता, पण मिस्त्री काय सांगतोय ते त्याच्या कानात शिरत नव्हतं.

संध्याकाळी तो आईच्या खाटेजवळ गेला. उशाशी ठेवलेल्या गोळ्या उचलून म्हणाला, "फेकून देतो. माझं चुकलं, माय."

शांतीबाई म्हणाल्या, "मलेबी वाटून राहिलं होतं, डोकं फिरलं आपलं. माह्या मायचं फिरलं होतं तसं."

आजीचं डोकं फिरलं होतं, हे खुमेंद्रला माहीत नव्हतं. नवेगाव बांधची आजी त्याच्या जन्माआधीच गेली होती.

"माय म्हणे, घरच्या विहिरीचं पाणी कडू झालं. पिईच ना. भरल्या घरात तहानेली राहे, तळ्यावर पळून जाये. मंग माह्या भावानं तिले खोलीत कोंडलं. सारे हसत. मीबी हासली." शांतीबाई थांबल्या. त्यांचे डोळे मोठे झाले होते, जणू हे त्या स्वतःच पहिल्यांदा ऐकत होत्या. "आज दिवसभर इचार करून राहिली, बाबू. ते पाणी कोणी चाखून पाह्यलं होतं का? कोणीच नाई. मीबी नाई. आमी तं दिवसभर शेतावर, तिथल्या विहिरीचं पेत होतो; घरच्या विहिरीचं मायच एकली पे."