ताकाची पखाल

ओढणे.

कपारीच्या कडेवर दोन्ही तळवे टेकवून मुतलक लोंबकळत होता. आता अंग वर रेटायचं, गुडघा टेकवायचा, की झालं. आजवर प्रत्येक वेळी झालं होतं. या खेपेला उजव्या खांद्यातून कळ निघाली आणि कोपरं लटपटली. शेवटी खालच्या जर्मन पाहुण्याने त्याच्या पायांखाली खांदा दिला. वाटाड्याला पाहुण्याने वर चढवलं.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वाळवंटातल्या साऱ्या रम गावाला कळली होती.

"काय अबू सालेम," थोरल्या मुलाच्या नावाने मुतलकला हाक मारत चुलतभाऊ सुवैलिम कॉफी ओतता ओतता म्हणाला, "आता पाहुणे तुला डोंगर दाखवतात म्हणे."

ढकलणे.

अकबा शहराच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्याला सदरा काढायला लावला आणि पाठीवरून बोटं फिरवली.

"काका, तुम्ही जन्मभर कड्याला धरून ओढतच आलात. ओढणारे स्नायू माजलेत, ढकलणारे उपाशी राहिलेत. त्यामुळे खांदा पुढे कलंडलाय. ओढणं थोडं कमी करा, रोज ढकला. हळूहळू."

"काय ढकलू?"

"भिंत ढकला."

"भिंतीनं माझं काय वाकडं केलंय?"

सोबत आलेली त्याची मुलगी नूफ हसली, पण तिचा चेहरा उतरलेलाच होता. रानबकऱ्यांच्या मागावर मुतलकच्या बापाने एक वाट शोधली होती, आणि ती आता एकट्या मुतलकला ठाऊक होती. असल्या वाटा तोंडाने सांगायच्या नसतात. ठाऊक असलेल्याने पुढे चढायचं, मागच्याने त्याच्या पावलावर पाऊल ठेवायचं. ती वाट या वसंतात नूफला मिळायची होती, आणि वाटेच्या माथ्याशीही अशीच एक कड होती. तिथे अंग रेटूनच वर जावं लागे.

ओढणे.

भिंत त्याने चार दिवस ढकलली, मग कंटाळला. बाईंनी ताणायला दिलेला रबरी पट्टा खुंटीवर गेला.

पट्ट्याशेजारीच फिद्दाची ताकाची पखाल लटकत होती. बायको गेल्यापासून कोणी तिला हात लावला नव्हता. फिद्दा पहाटे तीन काठ्यांच्या तिकाटण्यापुढे बसायची आणि ताक घुसळायला त्याला टांगलेलं, दूध भरलेलं फुगीर कातडं दोन्ही तळव्यांनी दूर लोटायची. ते आपसूक परत यायचं, ती पुन्हा लोटायची. घळक, घळक. त्या आवाजावर मुतलक अंथरुणातच दिवसाची वाट मनात चढून यायचा. फिद्दाची पाठ शेवटपर्यंत सरळ होती. हे त्याला आज उमगलं.

ढकलणे.

त्याने कातडं भिजवलं, तूप चोळून मऊ केलं, पाणी भरलं आणि अंगणातल्या तंबूमागे तिकाटण्याला टांगलं. पुरुषाने या कामाला बसायची रीत नव्हती, म्हणून तंबूमागे. पण घळक घळक काही तंबूमागे राहीना.

सुवैलिम आलाच. "लोणी निघालं का, अबू सालेम?"

"पाणी आहे आत."

"पाण्याचं लोणी काढतोयस?"

"खांद्याचं काढतोय."

दुसऱ्या दिवशी सुवैलिम दुधाची कासंडी घेऊन आला. "घे. पाणी घुसळलेलं बायकोला ऐकवेना."

त्या दिवसापासून मुतलक पखाल तंबूपुढे टांगू लागला. नूफ जवळून गेली की म्हणायचा, "बस. तूही ढकल."

"मला कुठे दुखतंय, बाबा?"

"मलाही तुझ्या वयात दुखत नव्हतं."

रेटणे.

वसंतात, बापाच्या त्या वाटेवर, माथ्याजवळच्या कडेशी तो थांबला. खाली नूफ दोर धरून होती. त्याने तळवे टेकवले. कड लोटली. खांदा कुरकुरला, कोपरं मात्र सरळ झाली. गुडघा वर आला.

दोर खडकाला बांधून तो कडेवर बसला. थोड्या वेळाने नूफची बोटं दिसली, मग कपाळ. सवयीने त्याचा हात खाली गेला, तिला ओढून घ्यायला.

तो मधेच थांबला. हात मागे घेऊन त्याने मांडीवर ठेवला. हाताला अजून ओल्या कातड्याचा आणि आंबट ताकाचा वास येत होता. खाली नूफने तळवे टेकवले.